आठ नंबरच्या पाठीवरचं नाव

चुडाव्याच्या स्टेशनाबाहेर बबिताचा बॅनर लागला होता आणि त्या बॅनरवर सगळ्यात बारकी बबिताच होती. वर मधोमध संस्थेचे अध्यक्ष दिनकरराव, हात जोडलेले. दोन्ही अंगाला संचालक, संचालकांचे भाऊ, भावांची गॉगल लावलेली पोरं. खाली कोपऱ्यात, जिथं बॅनर बांधायची दोरी येते तिथं, बॉलवर पाय ठेवून उभी असलेली बबिता. शेजारी लिहिलेलं, ‘गोलांचा पाऊस पाडणारी मराठवाड्याची वाघीण, पोर्तुगाल रिटर्न.’

बबितानं सगळ्या जन्मात नऊ गोल केले होते. पाऊस कशाचा, शिंतोडेच म्हणायचे.

पण गावाला दुसरं काही विचारताच येत नव्हतं. ती आल्यापासून किराणावाला तेच विचारी, ऑटोवाला तेच, दळण घेऊन निघालेल्या बायाही डोक्यावरचा डबा सावरत तेच विचारत, “गोल किती केले गं?” नऊ म्हटलं की माणूस तिचीच समजूत काढी, “असू दे, असू दे. जाऊन तर आलीस.”

आता यांना कुणी सांगावं. बबिता मधे खेळायची. मधे म्हणजे गोल राखणाऱ्या पोरींच्या पुढं आणि गोल मारणाऱ्या पोरींच्या मागं. लग्नाच्या पंगतीत वाढणारी बाई असते ना, तशी. या टोकाला भात संपला, त्या टोकाला वरण पाहिजे, कुणी पानावर हात आडवा धरलाय, कुणी लाजून मागत नाही, हे सगळं तिला मान न वळवता कळावं लागतं. पंगत उठल्यावर लोक जेवणाऱ्यांची नावं घेतात, कुणी किती जिलब्या हाणल्या ते वर्षभर सांगतात. वाढणारी कधी जेवली, जेवली का, हे कुणी विचारत नाही. त्याबद्दल बबिताची काही तक्रार नव्हती, तिला वाढण्यातच गोडी होती. तिची तक्रार दुसऱ्याच गोष्टीची होती, आणि ती तिनं पंधरा वर्षं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

बबिता ही सूर्यभान खंदारेची थोरली. सूर्यभान रेल्वेत गँगमन. खांद्यावर हातोडा टाकून सकाळी रुळानं निघायचा तो दिवस कलल्यावर परतायचा. आई सरजाबाई कापसाच्या हंगामात सेलूला जिनिंगवर जायची आणि तिथं बहिणीकडं राहायची. स्टेशनाच्या मागं, गिट्टीच्या ढिगाऱ्यापलीकडं मोकळी जागा होती. पूर्णेहून रेल्वेतली पोरं रविवारी तिथं बॉल खेळायला यायची. बॉल गिट्टीत गेला की आणून द्यायचं काम बबिताचं. ती तो हातानं फेकत नसे, अनवाणी पायानं ढकलायची, आणि तो बरोबर ज्याला पाहिजे त्याच्याच पायात जायचा. चार रविवार हे बघितल्यावर एक पोरगा म्हणाला, “ए, तू बाहेर काय करायलीस? मधे ये.” ती मधे आली ती मधेच राहिली.

संस्थेच्या शाळेत तेव्हा भुजंग सर खेळाचे मास्तर होते. पगार नुसता कागदावर, आज ना उद्या कायम होऊ या आशेवर दहा वर्षं काढलेला माणूस. पोरींचा संघ त्यांनी मेहनतीनं उभा केला होता, हे खोटं म्हणता येणार नाही. बबिता नववीत असताना सरजाबाईचा हात मोडला. आईची जागा जाऊ नये म्हणून पोरगी तीन महिने सेलूला जिनिंगवर जाऊन उभी राहिली. परत आली तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात तिच्या नावापुढं ‘खारीज’ लिहिलेलं. आणि राज्याच्या स्पर्धा पंधरा दिवसांवर आलेल्या.

एका सकाळी भुजंग सर क्वार्टरवर आले. बबिता दाराआड उभी राहून ऐकत होती.

“सूर्यभान, पोरीला घेऊन जातो. पण तिचं नाव सध्या रजिस्टरात न्हाई.”

“मंग खेळंल कशी, सर?”

“राजेश्रीचं नाव हाय की. दिनकररावांची पोरगी. ती काय खेळत न्हाई. कागद तिचा, पाय हिचे. पुढच्या साली हिचं नाव घालतो मी. जिम्मा माझा.”

सरजाबाई प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “अन् सर, पोरीनं बक्षीस आणलं तर ते कुणाच्या घरी जाईल?”

सर हसले. “आधी आणू तर द्या, मावशी.”

सूर्यभाननं संमतीच्या कागदावर सही केली. खाली बापाचं नाव दुसऱ्याचं होतं, ते त्याला दिसलं आणि तरी केली. बबितालाही कळत होतं. पण सोळा वर्षांच्या पोरीला खेळायचं होतं. भुकेल्या पोराला ताटावर बसवलं तर ताटावर नाव कुणाचं कोरलंय ते काही ते बघत बसत नाही.

स्पर्धेत अशी रीत असते की मॅच सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ ओळीत उभे करतात आणि मोठा पाहुणा ओळीनं हात मिळवत जातो. प्रत्येकीला नाव विचारतो. बबितानं जीपमध्ये वाटभर घोकलं होतं. पाहुणा आला, जाडजूड, अत्तराचा वास मारणारा. “नाव काय बाळ?” बबिता म्हणाली, “राजेश्री.” तो पुढच्या पोरीकडं गेला. एवढंच. पण आपल्याच तोंडानं आपलं नाव पुसायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. पुढं पोर्तुगालात तिचा गुडघा फाटला तेव्हाही ती मनात म्हणायची, त्या ओळीत उभं राहण्यापेक्षा हे बरं.

संघ दुसरा आला. मधे खेळणाऱ्यांत सगळ्यात चांगली कोण, तर आठ नंबर. भोंग्यावर नाव पुकारलं, “राजेश्री दिनकरराव.” बबिता जागची हलेना. शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्यालाच बोलवायलेत. परत येताना जीपमध्ये भुजंग सरांनी तिच्या मांडीवरचा कप अलगद उचलला. “सांभाळून ठेवतो मी.” तो कप आजही दिनकररावांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे, शेजारी प्लास्टिकची द्राक्षं आहेत.

पुढच्या साली बबिता सरांकडं गेली. “सर, नाव?”

“दहावीचं वर्ष हाय बबिता. तुझ्यामुळं शाळेचा निकाल खाली येईल.”

दुसऱ्यांदा गेली, सर म्हणाले साहेबांना विचारतो. तिसऱ्यांदा सरांनी तिला लांबूनच बघितलं आणि मोटारसायकल वळवली. ती शाळेत परत कधी गेली नाही. भुजंग सर मात्र कायम झाले. राजेश्रीला राज्याचं सर्टिफिकेट मिळालं आणि त्यावर खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागली. पोरगी वाईट नव्हती, बॉलला मात्र तिनं जन्मात पाय लावला नव्हता.

आणि याहून संताप यावा अशी गोष्ट पुढंच आहे. त्या स्पर्धेला गोव्याची एक बाई आली होती, फिलोमिना मॅडम, तिकडच्या क्लबात पोरींना शिकवणारी. तिनं आठ नंबर हेरून ठेवला होता. वर्षानं तिनं शाळेत फोन केला आणि राजेश्रीला मागितलं. शाळेनं सांगितलं, राजेश्री आता कॉलेजला आहे, तिनं खेळ सोडला. बाईनं फोन ठेवून दिला. इकडं बबिता गिट्टीच्या ढिगाऱ्यावर बसलेली, तिला याचा पत्ता नाही. दोन वर्षं अशी मातीत गेली. शेवटी पूर्णेचा तो रेल्वेतला पोरगा गोव्यात खेळायला गेला, त्याच्या बोलण्यातून बाईला उमगलं की ती आठ नंबर राजेश्री नव्हतीच. बाईनं सूर्यभानला फोन लावला आणि पहिल्यांदा काय विचारलं तर, “तुमच्या मुलीचं खरं नाव काय?”

बबिता गोव्याला गेली. पाच वर्षं तिथं खेळली. मधल्या काळात दोनदा नोकरीसाठी खेळाडू-भरतीला जाऊन आली. दोन्हीकडं शाळेतल्या स्पर्धांची सर्टिफिकेटं मागितली. खेळून दाखवते म्हणाली, तर म्हणाले कागद दाखव. त्यांचंही बरोबरच होतं, कागदावर तर ती कधी खेळलीच नव्हती.

फिलोमिना मॅडमची बहीण पोर्तुगालात होती. तिच्या ओळखीनं तिकडच्या एका गावच्या क्लबानं बबिताला बोलावलं. समुद्राजवळचं बारकं गाव, बारा महिन्यांतले सात महिने पाऊस आणि वारा. सकाळी म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाकघरात बटाटे सोलायचे, संध्याकाळी मैदानावर. तिकडची भाषा ती आश्रमातल्या म्हाताऱ्यांकडून शिकली, म्हणून ती बोलायला लागली की संघातल्या पोरी खो-खो हसायच्या. विशीतल्या पोरीनं ऐंशी वर्षांच्या आजीसारखं ‘आमचे गुडघे आज वाजायलेत’ म्हणावं तसं ते व्हायचं.

पहिल्या मॅचच्या दिवशी तिला जर्सी दिली. आठ नंबर. पाठीवर तिकडच्या अक्षरांत छापलेलं, बबिता. तिनं ती अंगात घातली आणि मग तिला कळलं की नाव पाठीवर आहे, आपल्याला दिसत नाही. आरशात बघितलं तर उलटं. तिनं गोलकीपर पोरीला फोटो काढायला सांगितला. तो फोटो तिनं चुडाव्याला पाठवला. सूर्यभाननं तो स्टेशनमास्तराला दाखवून वाचून घेतला आणि सरजाबाईनं विचारलं, “तिथं तर दुसऱ्या कुणाचं न्हाई ना लिव्हलेलं?”

सात वर्षं ती तिथं खेळली. तीन वर्षं कप्तान होती. एकदा संघ वरच्या वर्गात चढला तेव्हा गावातल्या बेकरीवाल्यानं महिनाभर तिच्याकडून पावाचे पैसे घेतले नाहीत. पुढं ती तिकडचीच नागरिक झाली. आपल्याकडं दोन देशांचं होता येत नाही, एक सोडावा लागतो. तिचा जुना पासपोर्ट ‘रद्द’चा शिक्का मारून परत आला. इथल्या सरकारी कागदावर तिचं नाव नीट छापलेलं तेवढंच एक पुस्तक होतं, त्यावरही खारीज. गावात लोक म्हणाले, देश सोडून गेली. देशानं तिला धरलं कधी होतं, हे नाही कुणी विचारलं.

एकतिसाव्या वर्षी, तिकडं दोनदा ऑपरेशन करूनही, गुडघ्यानं हात टेकले. क्लबानं तिला बारक्या पोरींना शिकवायला ठेवलं. त्या कामावर रुजू व्हायच्या आधी ती महिनाभर आईबापाकडं आली, आणि ती आल्याचं दिनकररावांना कळलं.

सत्काराचं आमंत्रण घेऊन भुजंग सर स्वतः आले. आता ते मुख्याध्यापक होते, केस काळे केलेले, पोट पुढं आलेलं. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा यंदा संस्थेच्याच मैदानावर होत्या. पोरींची शेवटची मॅच बबिताच्या हस्ते सुरू करायची, मग सत्कार, मग तिच्याच हातून सर्टिफिकेटं. बबिताला जायचं नव्हतं. सूर्यभान म्हणाला, “जा. न्हाई गेलीस तर म्हणतील माजली.” सरजाबाई म्हणाली, “म्हणू द्या की.” पण बबिता गेली.

मंगळवारी सकाळी मैदानावर मंडप पडला होता. स्टेजवर दिनकरराव, संचालक मंडळी आणि रजा काढून आलेली राजेश्री. माईकवाल्यानं तिची ओळख करून दिली, “राज्यस्तरीय खेळाडू, आज सरकारी अधिकारी.” राजेश्रीनं खाली बघत नमस्कार केला. मैदानात दोन संघ ओळीत उभे होते, एक पाथरीच्या पोरींचा, दुसरा संस्थेचा. पाहुण्या बाईंनी खेळाडूंचा परिचय करून घ्यावा, असं माईकवर सांगितलं गेलं. भुजंग सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. रीत म्हणजे रीत. इतकी वर्षं रेटून नेलेलं माणूस विसरूनच जातो की आपण काय केलंय आणि कुणापुढं उभं करायलोय.

बबिता ओळीनं हात मिळवत निघाली. पाथरीच्या पोरी झाल्या, संस्थेच्या सुरू झाल्या. आठ नंबरला एक काटकुळी पोरगी होती, वेणीला रबर लावलेलं.

“नाव काय बाळ?”

पोरीनं आधी भुजंग सरांकडं बघितलं, मग जमिनीकडं. “प्रियांका.”

बबिताचा हात तिच्या हातात तसाच राहिला. ती नजर तिच्या ओळखीची होती. पण ती पुढं सरकली. नुसत्या नजरेवरून कसं बोलावं?

मॅच सुरू झाली. आठ नंबर मधे खेळत होती आणि काय खेळत होती. पाठीमागून येणारी पोरगी न बघता तिला कळत होती. मध्यंतराला मंडपाच्या कडेला बसलेली एक बाई उठली आणि ओरडली, “रेणे, पाणी पी गं आधी.” आठ नंबर वळली.

बबिता स्टेजवरून उतरून त्या बाईजवळ जाऊन खाली बसली. बाईचं नाव बायनाबाई. पाहुणी शेजारी येऊन बसली म्हणून ती कावरीबावरी झाली आणि मग दोन मिनिटांत मोकळी झाली. पोरीचं नाव रेणुका. नवरा सिताराम आणि ती दोन वर्षं पुण्याला इमारतीच्या कामावर होते, पोरगी तिथल्या शाळेत. परत आले तर शाळा म्हणाली तिकडचा दाखला आणा. तिकडची शाळा म्हणाली आईबापानं येऊन न्यावा. जाणार कोण?

“मंग इथं खेळते कशी मावशी?”

“सर म्हणले, नाव दुसऱ्या पोरीचं लावू. संचालकाच्या घरची हाय, प्रियांका. पुढच्या साली हिचं घालतो म्हणले.” बायनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. “जिम्मा घेतलाय सरांनी.”

पंधरा वर्षांनी शब्दसुद्धा बदलला नव्हता. माणसानं निदान नवा खोटेपणा तरी करावा.

बबितानं मध्यंतरानंतरचा खेळ बघितला नाही. ती उन्हात उभी राहून विचार करत होती, आणि विचार काही सोपा नव्हता. बोलायचं तर आधी स्वतःचं बोलावं लागणार. आपणही चोरीच्या नावानं खेळलो, बापानं सही केली, हे त्याच्यासमोर, गावासमोर. आणि गप बसायचं, तर या पोरीला पुढच्या साली सर लांबून बघून मोटारसायकल वळवणार, आणि तिच्यासाठी गोव्याहून कुणाचा फोन येईलच असं नाही.

संस्थेचा संघ एका गोलानं जिंकला. गोल नऊ नंबरनं मारला, बॉल आठ नंबरनं दिला होता. टाळ्या नऊ नंबरला. सगळे मंडपात आले. शाल, नारळ, फेटा. फेटा बांधायला माणूस पुढं आला तो सूर्यभानला शोधायला लागला, कारण पोरीच्या सत्काराचा फेटा बापाला बांधायचा. बबितानं शाल घालणाऱ्या हातांना थांबवलं आणि माईक घेतला.

“मी भाषण करत न्हाई,” ती म्हणाली. “एक गोष्ट सांगते. पंधरा वर्षांमागं राज्याला या शाळेकडून आठ नंबर खेळली, ती मी. नाव माझं नव्हतं. राजेश्रीचं होतं. पाहुण्यानं विचारलं तर मी राजेश्रीच सांगितलं. माझी चूक हाय, मी कबूल करते. कप त्यांच्या कपाटात हाय, तो मला नको. पण आज सकाळी आठ नंबरच्या पोरीनं मला प्रियांका सांगितलं, अन् तिचं नाव रेणुका सिताराम हाय. हे सर्टिफिकेट मी प्रियांकाला देणार न्हाई.”

माईकवाल्यानं गाणं लावायला बटण दाबलं, कुणीतरी त्याच्या हातावर मारलं.

दिनकरराव उठले. आवाज अजून चढा होता. “सूर्यभान, कुठं हाय तू? पोरीला समजाव. सही तूच केली होती तेव्हा.”

सूर्यभान मागं खांबाला टेकून उभा होता. “केली साहेब,” तो म्हणाला. “म्हणून तर आज गप बसायलोय. तिला बोलू द्या.”

भुजंग सर बबिताच्या कानाशी आले. “बबिता, इथं कशाला? आपण आत बसून बोलू. पुढच्या साली…”

“सर, माझं पुढचं साल अजून आलं न्हाई,” बबिता म्हणाली. “रजिस्टर आणा. या पोरीचं नाव आज, इथं, सगळ्यांसमोर लिवा. तवर मी खुर्ची सोडत न्हाई. विमान माझं शुक्रवारी हाय.”

“दाखल्याबिगर नाव घालता येत न्हाई. कायदा हाय.”

पंच महारुद्र सर बाजूला शिट्टी गळ्यात घालून उभे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतला भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं तसे ते खाकरले. “घालता येतं सर. दाखला न्हाई म्हणून पोराला बाहेर ठेवता येत न्हाई. आमी घालतो.”

झालं. मग रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडं, क्लार्क नांदेडला, असं सगळं रीतसर सुरू झालं. बबिता स्टेजवर बसून राहिली. सरजाबाई उठून आली आणि स्टेजच्या पायरीवर पदर खोचून बसली. तिच्यामागं बायनाबाई. मग आणखी चार जणी. संचालक एकेक करून फोनवर बोलत बाहेर सटकले. कुणीतरी चहा आणला, तो बायांनीच पिऊन टाकला.

राजेश्री जाता जाता बबिताजवळ थांबली. डोळे लाल झालेले. “मला तरी कुणी विचारलं होतं का गं?” ती म्हणाली.

“न्हाई विचारलं,” बबिता म्हणाली. “पण तुला तोंड होतं.”

राजेश्री गाडीत जाऊन बसली. तिचं पुढं काय करायचं ते तिचं तिनं बघावं.

अडीच तासांनी किल्ली सापडली. ती भुजंग सरांच्याच ड्रॉवरमध्ये होती. रजिस्टर टेबलावर आलं. सरांनी पेन काढलं आणि लिहिलं. रेणुका सिताराम, आईचं नाव बायनाबाई, इयत्ता नववी, दाखल. बबितानं बोट ठेवून प्रत्येक अक्षर वाचलं आणि मग रेणुकाला वाचायला लावलं. पोरगी वाचताना रडली नाही. तिचं तोंड रागानं फुगलेलं होतं.

कारण तोवर महारुद्र सरांनी दुसरं कामही केलं होतं. खोट्या नावाचा खेळाडू खेळला म्हणजे सामना बाद. कप पाथरीच्या पोरींना गेला. संस्थेच्या पोरी ड्रेस न बदलताच घरी गेल्या आणि जाताना रेणुकाकडं कुणी बघितलं नाही. हे बबिताला आधी सुचायला नको होतं का? होतं. संतापात माणसाला सगळं मैदान दिसत नाही, मधे खेळणाऱ्यालासुद्धा नाही.

त्या संध्याकाळी आणि बुधवारी ती रेणुकाच्या घरी जाऊन आली. दोन्ही वेळा पोरगी मागच्या दारानं निघून गेली. “लय तोंड चढवून बसलीय,” बायनाबाई म्हणाली. “तुमी मनावर घेऊ नका ताई.” बबितानं मनावर घेतलंच.

गुरुवारी गाडी होती. सूर्यभान आणि सरजाबाई पोरीला पोचवायला चुडाव्याच्या स्टेशनावर आले होते. बाहेरचा बॅनर कुणी तरी काढून नेला होता, दोरी तेवढी लोंबत होती. गाडी अर्धा तास लेट. फलाटाच्या टोकाकडून रेणुका येताना दिसली, शाळेच्या ड्रेसवर, काखेत बॉल. ती बबितापासून दोन हातांवर थांबली.

“कप गेला तुमच्यामुळं.”

“गेला,” बबिता म्हणाली.

“पोरी बोलनात माझ्याशी.”

“मंग खेळायला येत न्हाईत का?”

“येतात. मला बॉल देईनात.”

“तू देतीस का त्यांना?”

रेणुकानं पाठीवरच्या दप्तरातून ओळखपत्र काढून पुढं केलं. नवंकोरं, फोटोवरचा शिक्का अजून चिकट. बबितानं ते हातात घेतलं आणि उलटसुलट बघितलं. रेणुका सिताराम जोंधळे. परत देताना तिचा अंगठा शाईनं निळा झाला.

“काल हजेरी घेतली सरांनी,” रेणुका म्हणाली. “माझं नाव घेतलं न् पुढंच गेले, वर बघितलं न्हाई.”

“मंग तू काय केलंस?”

“मी उभी ऱ्हायले. म्हणलं, सर, हजर.”

सरजाबाई बाकड्यावरून म्हणाली, “अजून एकदा म्हणायचं होतं.”

गाडीला वेळ होता. बबितानं पिशवी आईच्या पायाशी ठेवली, चप्पल काढली आणि गिट्टीच्या ढिगाऱ्याकडं निघाली. “चल,” ती म्हणाली, “पाठीमागून कुणी आलं तर काय करायचं ते एकदा दाखवते. अन् माझ्या गुडघ्याला धक्का मारू नको, तो तिकडचा हाय.”